कचरूमामांचा पाव फेरा

बाळासाहेबाचा फोन आला तेव्हा माझ्यासमोर एक कोरा कागद होता. अगदीच कोरा नव्हे. वर मधोमध 'दुरुस्ती' असा एक शब्द लिहून मी त्याखाली रेघ ओढलेली होती, आणि ती रेघ ओढून सव्वा वर्ष झालं होतं. मधल्या काळात त्या कागदावर चहाचे कप ठेवून झाले, पाठकोऱ्या बाजूला गॅसवाल्याचा नंबर लिहून झाला. त्या दिवशी सकाळी मात्र काय मनात आलं कुणास ठाऊक, पेनात शाई भरून बसलो होतो. "दादा, आबा गेले," बाळासाहेब म्हणाला. "पहाटं गेले. तरास काई झाला न्हाई. तुमी निगा." मी "निघतो" म्हणालो, फोन ठेवला आणि पेनाला टोपण लावलं. आता लिहायला बसलोच आहे तर हेही लिहून टाकतो : त्या पहिल्या क्षणी मला जे वाटलं त्यात थोडी सुटका होती. आता विचारणारं कोणी उरलं नाही, असं मनात येऊन गेलं. रडू नंतर आलं, एसटीत, राहुरी मागे पडल्यावर.

आबा म्हणजे बाळासाहेबाचे वडील, माझे कचरूमामा. आईचे चुलतभाऊ, नव्वदीला टेकलेले. त्यांच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून दृष्ट लागू नये यासाठी हे नाव. त्यावर ते स्वतःच म्हणायचे, "देवानं कचरा समजून ठिवला, न्यायचं इसरला." आमचं आजोळ प्रवरेच्या काठी, देवळाली प्रवरेहून फार लांब नाही. आईच्या माहेरची सगळी माणसं बुटकी, आणि कचरूमामा त्यातही बुटके. उसाच्या फडात शिरले की नुसती टोपी हलताना दिसायची. मी नगरला कॉलेजात इतिहास शिकवायचो, त्यामुळे मी दारात दिसलो की, "या भाचेबुवा, कोन्च्या राजाचं काय बिघडलं?" हे ठरलेलं. उभ्या गावाची टिंगल करायचा परवाना त्यांच्याकडे होता आणि गावाने तो कधी काढून घेतला नव्हता. निदान माझा लेख येईपर्यंत तरी नव्हता...

तो लेख पुलावरचा होता. आमच्या भागातल्या एका जुन्या साखर कारखान्याची उसासाठी स्वतःची छोटी रेल्वे होती. अडीच फूट अंतराचे रूळ, ठेंगणं इंजिन आणि मागे उसाच्या उघड्या वाघिणी. कारखाना नदीच्या एका अंगाला आणि निम्मा ऊस दुसऱ्या अंगाला, म्हणून प्रवरेवर पूल बांधला. बांधला तो ठेंगणाच. पहिल्याच मोठ्या पुरात मुळासकट वाहत आलेल्या बाभळी मधल्या गाळ्याला, म्हणजे दोन खांबांमधल्या लोखंडी भागाला अडकल्या, त्यामागे पाणी तुंबलं आणि लोखंड वाकून गेलं. मग कुण्या इंजिनियरने डोकं लढवलं. नदीच्या मध्यावर एक जाडजूड गोल खांब बांधला आणि मधला गाळा त्यावर फिरता ठेवला. पावसाळ्याच्या तोंडाला तो गाळा फिरवून प्रवाहाच्या दिशेने उभा करायचा, म्हणजे बाभळींना दोन्ही बाजूंनी मोकळी वाट. दारात कुणाला जाऊ द्यायला आपण अंग चोरून उभे राहतो ना, तसा तो पूल चार महिने उभा राहायचा. दसरा झाला की पुन्हा आडवा, आणि त्यावरून ऊस सुरू. पुढे ट्रक-ट्रॅक्टर आले, वरच्या अंगाला रस्त्याचा पूल झाला, रेल्वे बंद पडली. भंगारवाल्यांनी लोखंडाचा तुकडा न् तुकडा कापून नेला. आता नदीत नुसते दगडी खांब उरलेत आणि मधोमध तो एक गोल, पोट सुटलेल्या माणसासारखा.

कचरूमामा सोळाव्या वर्षापासून रेल्वे बंद पडेपर्यंत त्या पुलावर होते. त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. लेखाच्या तयारीसाठी मी एक अख्खी दुपार त्यांच्या ओसरीवर बसलो आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. सांगताना ते बाजेवरून उठून अंगणात गेले, अदृश्य पहार छातीशी धरली आणि पाय रोवून दाखवले. "च्यार मानसं. गाळ्याच्या पोटाखाली लोखंडी चाक, त्याला च्यार भोकं. भोकात पहारी घालायच्या अन् छातीनं रेटायचं. एकानं पुरा फेरा मारायचा न्हाई बरं का. ज्यानं त्यानं आपला पाव फेरा. चौघांचं चार पाव झालं का पूल फिरला. माझा उगवतीकडचा." खांबाच्या माथ्यावर एरंडेलाचं वंगण सांडून पाय घसरायचे, म्हणून पाथरवटाने दगडात पाऊल अडकेल अशा खाचा पाडल्या होत्या. "पर त्या खाचा पडल्या मोठ्या मानसाच्या टांगंच्या. माझी तंगडी आखूड. एका खाचंतून दुसरीत पाय पुरंना. मंग माझ्या बापानं छन्नी घिऊन मधी मधी माझ्यापुरत्या येगळ्या खाचा पाडल्या. माझ्याच पाव फेऱ्यात. अजून असत्याल. भाचेबुवा, वर चढून बघ अन् मंग ल्ही."

वर चढून बघ अन् मग लिही. इतका साधा सल्ला मला चाळीस वर्षांच्या नोकरीत कोणी दिला नव्हता, आणि मी तो पाळला नाही. खांबापर्यंत जायला गुडघाभर पाणी होतं. पायात नवे बूट होते. नगरची गाडी अडीचला होती. मी काठावरूनच मोबाईलने फोटो काढले आणि म्हणालो, "मामा, झालं माझं काम. दिसतंय इथून." त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं.

माझ्याजवळ कागद होता ना! पुलाच्या फेरबांधणीचा एक अहवाल मला जुन्या कागदपत्रांत सापडला होता आणि तो सापडल्यापासून मी हवेत होतो. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की गाळा फिरवण्याची व्यवस्था बसवली आहे, परंतु ती वापरात आणलेली नाही. अहवाल फिरता गाळा बसवला त्याच महिन्यातला होता. तोवर पावसाळाच आला नव्हता, तर पूल फिरवणार कोण आणि कशाला? पहिल्या वर्षाच्या पोराला कळेल अशी ही गोष्ट. मी वर्गात वर्षानुवर्षं हेच ओरडत आलो, की कागद कधीचा आहे ते आधी पाहा. स्वतःवर वेळ आली तेव्हा मात्र कागद मिळाल्याच्या आनंदात ते पाहिलं नाही. मग तुम्ही आत्ता वाचताय त्या याच रविवारच्या पुरवणीत माझा लेख आला, अर्धं पान, फोटोसकट. त्यातलं एक वाक्य मला फार आवडलं होतं. 'पूल फिरत असे ही आठवण गावाने प्रेमाने जपली आहे. परंतु कागदपत्रं तिला दुजोरा देत नाहीत, तेव्हा ती एक रम्य दंतकथाच म्हणावी लागेल.' रम्य दंतकथा! हे दोन शब्द सुचले तेव्हा मी बायकोला हाक मारून ऐकवले होते. ती म्हणाली, "मामांना दाखवलंत का?" मी म्हटलं, छापून आल्यावर दाखवू.

छापून आल्यावर मला दाखवावं लागलं नाही. लेखाचा फोटो गावाच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर दुपारपर्यंत फिरला. मामांच्या घरासमोर रस्त्यापलीकडे चहाची टपरी आहे, तिथल्या बाकाचं रस्त्याकडचं टोक त्यांचं. दुसऱ्या दिवशी ते जाऊन बसले तर एक जण म्हणाला, "मामा, आज पूल कोन्या बाजूनं फिरवायचा?" सगळे हसले. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मामांनी त्यांची टिंगल आयुष्यभर केली, ती त्यांनी मामांची एकदा केली. पण मामांनी टिंगल केली ती माणसाच्या ढेरीची, पगडीची, जावयाची. माणूस खोटा आहे असं ते कधी कुणाला म्हणाले नव्हते. दरवर्षी शाळेतली मुलं रांगेने नदीवर यायची आणि मामा त्यांना पूल कसा फिरायचा ते करून दाखवायचे. त्या वर्षी गुरुजी घरी येऊन म्हणाले, "मामा, औंदा आपण पुस्तकातलंच घेऊ." मामा "बरं" म्हणाले. हळूहळू ते टपरीवर जायचे बंद झाले. चहा घरी, बाजेवर. हे सगळं मला सुनंदाने, म्हणजे बाळासाहेबाच्या बायकोने सांगितलं, तेही मी खोदून विचारलं तेव्हा. मामांनी स्वतः एक शब्द सांगितला नाही.

मी गेलो तो लेख आल्यानंतर सात-आठ महिन्यांनी. उशीर का केला याची कारणं माझ्याकडे तेव्हा होती, आता त्यातलं एकही आठवत नाही. मामा बाजेवर बसले होते. "या भाचेबुवा" म्हणाले, पण राजाचं काय बिघडलं ते विचारलं नाही. मीच विषय काढला, अडखळत. म्हटलं, कागदात तसं होतं म्हणून... ते म्हणाले, "व्हय. तू शिकलेला मानूस. कागदात न्हाई तर तू तरी काय करशील?" यात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमणा नव्हता, त्यांना खरंच तसं वाटत होतं. मग बराच वेळ आम्ही दोघं समोरच्या टपरीकडे बघत बसलो. निघताना मी पाया पडलो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पर तुझ्या आईचं बोलनं तरी ध्यानात ठिवायचं हुतं." मला वाटलं, म्हाताऱ्याला जुनं काहीतरी आठवलं असेल. आईला जाऊन वीस वर्षं झाली होती.

त्या दिवशी परतीच्या एसटीत जागा मिळाली, खिडकीशी. शेजारी एक बाई पोराला दामटून बसवत होती, "बस खाली, न्हाईतर गाडी जाईल." आणि मला आईचा आवाज ऐकू आला. नगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आई रोज सकाळी ओरडायची : "उरका लवकर, पूल फिरंल!" शाळेला उशीर झाला की हे. वडिलांनी माझा कॉलेजचा फॉर्म भरायला वेळ लावला तेव्हा, "आता काय पूल फिरल्यावर जानार का?" आजोळी पायी ये-जाही त्याच पुलावरून, त्यामुळे तो एकदा फिरला की पलीकडच्या काठावर दिलेल्या लेकी चार महिने अडकायच्या. माहेरी यायचं ते पूल फिरायच्या आत. आई ते बोलणं लुगड्याच्या गाठीत बांधून नगरला घेऊन आली आणि आम्ही भावंडं तेच बोलत मोठे झालो. माझी बायको नगरची, तिने तो पूल डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण तीही मला बाजारात घाई करताना म्हणते, "चला, पूल फिरेल." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. जो पूल फिरलाच नाही त्याच्या भीतीने एका बाईने आयुष्यभर घाई कशाला केली असती? मी इतिहासाचा मास्तर, कपाटं धुंडाळत बसलो आणि माझ्या आईची साक्ष घेतली नाही.

घरी पोचलो, कागद घेतला, 'दुरुस्ती' लिहिलं, रेघ ओढली. आणि तिथे थांबलो. का थांबलो? आता खरं सांगायला हरकत नाही. त्या लेखावर माझा एका ठिकाणी सत्कार झाला होता, शाल-नारळ. 'रम्य दंतकथा' हे शब्द दुसऱ्या कुणीतरी त्याच्या लेखात उचलले होते. ज्या माणसाने जन्मभर विद्यार्थ्यांच्या चुकांखाली लाल रेघा ओढल्या, त्याला स्वतःच्या नावाखाली ती ओढताना हात जड होतो. मी स्वतःची समजूत काढली, की घाईने दुरुस्ती नको, अजून पुरावा जमवू, एकदा खांबावर चढून येऊ, मग सविस्तर लिहू. पाणी उतरू दे. गुडघा बरा होऊ दे. दिवाळी होऊ दे. मामांना फोन करून मात्र सांगून टाकलं, "मामा, माझं चुकलं. मी छापून आणतो." ते केवढे खूश झाले! "छापून? तुझ्या नावानं? बरं बरं. सावकाश हू दे. खांब काय पळतो व्हय?" त्यानंतर दर फोनला ते तब्येत विचारायचे, पाऊसपाणी विचारायचे, पोराबाळांचं विचारायचे. दुरुस्तीचं कधीही विचारलं नाही. न विचारण्याचा फायदा माणूस किती घेतो याला सीमा नाही.

माती देऊन घरी आलो त्या दुपारी सुनंदाने मला पाणी दिलं. ओसरीवरची बाज भिंतीला उभी केली होती. बाजेखाली असायचा तो वर्तमानपत्रांचा गठ्ठा आता उघडाच पडला होता, नुसत्या रविवारच्या पुरवण्या. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, "दादा, गेलं वरीसभर दर रविवारी आबा मला पुरवणी वाचायला लावायचे. पहिल्यापासून शेवटापर्यंत. मी म्हनायची, आबा, ही पाककृती हाय. तर म्हनायचे, वाच. राशिभविष्यसुद्धा वाच. कुठं बारीक अक्षरात आसंल, ऱ्हाऊन जाईल." ती सहज सांगत होती. तिला माहीत नव्हतं ते काय शोधत होते. तिला त्यांनी सांगितलंच नव्हतं, म्हणजे मी छापलं नाही तर माझी लाज तिच्यासमोर जायला नको. मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि परसात जाऊन उभा राहिलो.

दहावा नदीवर होता, त्या खांबांच्या अगदी समोरच्या काठावर. चैत्र संपत आलेला, पात्रात पाण्याची एक बारीक धार. दोन-अडीचशे माणूस जमलं होतं. पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून बसले. कावळे होते, बाभळीवर चांगले आठ-दहा होते, पण एक खाली उतरेना. पाव तास गेला. बाळासाहेबाने हात जोडले, "आबा, बहिनींशी वाकडं येऊ देनार न्हाई." कावळा नाही. सुनंदाने गाईचं नाव घेतलं, की विकणार नाही. कावळा नाही. ऊन चढत होतं. भावकीतले एक वयस्क गृहस्थ उठून म्हणाले, "आनखी कुनाचं काई ऱ्हायलं आसंल तर बोला. म्हातारं अडून बसलंय." मी कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. कावळे पुरवण्या वाचत नाहीत हे मला कळतं. पण त्या घटकेला उठून चार शब्द बोलायला विश्वास लागत नव्हता. टपरीवरचे सगळे तिथे होते. शाळेचे गुरुजी होते. ज्यांच्यासमोर मामा खोटे पडले ते सगळे एका जागी, शांत बसलेले, ऐकायला तयार... आणि मी माझ्या बुटांकडे बघत बसलो. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक उठले.

सगळे जेवायला गेले तेव्हा मी मागे राहिलो. बूट-मोजे काढून काठावर ठेवले. पाणी घोट्यापर्यंतसुद्धा नव्हतं. गोल खांबाच्या अंगात चढायला लोखंडी कड्या आहेत, खांब दोन पुरुष उंच. गुडघ्याने कुरकुर केली पण चढू दिलं. इतकंच होतं ते. सव्वा वर्ष, आणि त्याआधीचे आठ महिने, आणि ती अडीचची गाडी... सगळं मिळून बारा कड्या. वर गवत माजलं होतं, पक्ष्यांची घाण होती. गवत उपटलं तर खाली दगडात गोलाकार खाचा, एकापुढे एक, पाऊलभर रुंद. तीन बाजूंना त्या लांब लांब होत्या. मी उगवतीकडे वळलो. तिथे प्रत्येक दोन खाचांच्या मध्ये एक खाच जास्त होती. ओबडधोबड, पाथरवटाची नव्हे, छन्नी धरायची सवय नसलेल्या एखाद्या बापाने पाडलेली. मी अनवाणी पाऊल त्या पहिल्या खाचेत ठेवलं. मग दुसरं पुढच्या खाचेत. मीही आजोळच्याच वळणाचा, बुटका. एकही पाऊल ताणावं लागलं नाही. नऊ पावलांत मामांचा पाव फेरा संपला, आणि तिथून काठावरचे माझे बूट दिसत होते.

तेव्हा दहाव्याला जे तोंडातून निघालं नाही ते इथे लिहितो. दुरुस्ती : प्रवरेवरचा उसाच्या रेल्वेचा जुना पूल फिरत होता. वर्षातून दोनदा फिरत होता. चार माणसं तो फिरवत, आणि त्यातला उगवतीकडचा पाव फेरा कचरूमामांचा होता. याच पुरवणीत माझ्या नावाने याच्या उलट छापून आलं ते चूक होतं. कचरूमामा खरं सांगत होते. लिहिणारा वर चढला नव्हता.

सुनंदा, मामांची बाज पुन्हा ओसरीवर टाकली असं बाळासाहेब परवा म्हणाला. आज रविवार. पुरवणी आली असेल. नेहमीसारखी बाजेच्या कडेला बस. आज पाककृती आणि भविष्य राहू दे, ही दुरुस्ती तेवढी वाच. जरा मोठ्याने वाच. त्यांना ऐकू कमी यायचं, आणि टपरी समोरच आहे.